बडोद्याहून ओखामंडळ : द्वारका, बेट आणि दोन तऱ्हांचा समुद्र

द्वारकेचं दर्शन घेऊन आलेल्या बऱ्याच जणांना आपण एका द्वीपकल्पाच्या टोकावर उभे होतो हे जाणवलेलंच नसतं. रात्रीची गाडी, मंदिराची रांग, 'द्वारका दर्शन'च्या बसने चार-पाच तासांत नागेश्वर, गोपी तलाव, बेट (ओख्यासमोरचं बेट द्वारका) आणि परत. यात समुद्र दिसतो तो बसच्या खिडकीतून. तीन दिवस हाताशी असतील तर हाच भाग किती वेगळा दिसतो ते कळावं आणि पहिल्या खेपेला होणाऱ्या चुका टळाव्यात, यासाठी हा आराखडा.

ओखामंडळ म्हणजे सौराष्ट्राचं अगदी पश्चिमेचं टोक. मुख्य भूमीपासून त्याला खाऱ्या दलदलीच्या रणाने जवळपास तोडलेलं आहे. पश्चिमेला उघडा अरबी समुद्र, उत्तरेला कच्छचं आखात. हा फरक नकाशापुरता नाही, सगळी आखणी त्यावर ठरते. द्वारका आणि शिवराजपूर अरबी समुद्रावर आहेत: तिथे लाटा, वाळू आणि त्या मानाने नितळ पाणी. ओखा, बेट आणि पुढे जामनगरच्या बाजूचा किनारा आखातात: तिथे लाटा कमी, चिखल, तिवरं, प्रवाळ आणि भरती-ओहोटीची जोरदार ओढ. पोहायचं असेल तर पहिला किनारा, समुद्री जीव पाहायचे असतील तर दुसरा.

बडोदेकरांचा इथे आणखी एक धागा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून संस्थानं विलीन होईपर्यंत ओखामंडळ गायकवाडांच्या बडोदा संस्थानात होतं, मधे दुसऱ्यांचे मुलूख असूनही. १८५७च्या सुमारास जोधा माणेक आणि मुळू माणेक यांच्या मागे इथले वाघेर जमातीचे लोक इंग्रजांविरुद्ध उठले. १८५९ मध्ये इंग्रजांनी बेटावर तोफा डागल्या. ओखा बंदर १९२६ मध्ये सुरू झालं ते सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत. बाजूच्या मिठापूरचा रसायन कारखानाही याच संस्थानाच्या काळात, १९३९ मध्ये उभा राहिला. राजवाडा आणि कीर्तिमंदिर लहानपणापासून पाहिलेल्या माणसाने ओख्याच्या धक्क्यावर उभं राहताना एवढं मनात ठेवावं.

आधी पंचांग, मग तिकीट

तारीख ठरवताना सुट्टी पाहाच, पण तिथीही पाहा. अमावास्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे असतात: भरती खूप चढते, ओहोटीला पाणी खूप मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाणी ना फार चढत ना फार उतरत. आखातातलं प्रवाळ पायी पाहायचं असेल तर उधाणाचेच दिवस घ्या. अष्टमीला गेलात तर खडक पाण्याखालीच राहतात आणि हाती फक्त गुडघाभर गढूळ पाणी लागतं. लहान मुलांना घेऊन शिवराजपूरला डुंबणं एवढाच बेत असेल, तर उलट भांगाचे दिवस बरे.

दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, आणि त्यांची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातला 'तिथीची पाऊणपट' हा हिशेब (चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणून भरती तीनच्या सुमारास) बऱ्याच घरांत पाठ असतो. तो मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचा आहे. आखात आत घुसत गेलं की पाणी उशिरा पोचतं, त्यामुळे आखाताच्या तोंडाशी असलेलं ओखा आणि आतल्या बाजूचं वाडीनार यांच्या वेळाही एक नसतात. निघण्याआधी 'ओखा' आणि 'वाडीनार' अशी दोन्ही ठिकाणांची भरती-ओहोटीची कोष्टकं मोबाइलमध्ये घेऊन ठेवा, तिथे नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. आणि तिथे गेल्यावर कोळ्याला विचारा. गुजराती आपल्याला येतंच, 'ओट क्यारे छे?' (ओहोटी कधी आहे?) एवढं पुरतं.

मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चही चालतो, पण दुपार तापते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, पाण्यातले खेळ बंद असतात आणि नरारासारख्या, ओहोटीला चालत प्रवाळ पाहायच्या ठिकाणी पाय ठेवण्यात अर्थ नाही. जन्माष्टमीला आणि दिवाळीनंतरच्या आठवड्यात द्वारकेत खोली मिळणं कठीण आणि दर्शनाची रांग काही तासांची. त्या गर्दीत जाण्याचा आनंद वेगळा, मान्य, पण ती पहिली खेप नसावी.

जायचं कसं

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी मुंबईहून ओख्याला जाणारी सौराष्ट्र मेल सोयीची, ती बडोद्यावरूनच जाते. इथे एक चूक वारंवार होते. ही गाडी बडोद्याला मध्यरात्र उलटल्यावर येते. म्हणजे शुक्रवारी रात्री जेवून स्टेशनवर जायचं असेल, तर तिकीट शनिवारच्या तारखेचं हवं. शुक्रवारचं काढलंत तर तुमची गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असते. द्वारकेला उतरायला दुपार होते. अहमदाबादहून ओख्यापर्यंत वंदे भारतही आहे, पण बडोद्याहून अहमदाबादला जाऊन ती पकडावी लागते, आणि ती संध्याकाळी सुटत असल्याने पोचायला मध्यरात्र होते.

स्वतःच्या गाडीने अंतर ५१० ते ५४० किलोमीटर, रस्त्याप्रमाणे. अहमदाबादला न जाता वासद-तारापूर-बगोदराच्या रस्त्याने लिंबडी गाठा, शहराची वाहतूक टळते. पुढे राजकोट, जामनगर, खंभाळिया, द्वारका. थांबे धरून दहा तास लागतात. पहाटे पाचला निघालात तर उजेडात पोचता, आणि उजेडातच पोचा: खंभाळियाच्या पुढे रस्ता मोकळा दिसतो म्हणून वेग वाढतो, पण अंधारात गुरं रस्त्यावर बसलेली असतात. सीएनजीची गाडी असेल तर जामनगर-खंभाळियातच टाकी भरून घ्या.

घरात आजी-आजोबा असतील तर एवढा पल्ला एका दिवसात नको. जामनगरला मुक्काम करा. याचा दुसरा फायदा पुढे नराराच्या वेळी होतो.

पहिला दिवस : द्वारका गाव

दुपारी पोचलात की लगेच मंदिराकडे धावू नका. द्वारकाधीशाचं मंदिर दुपारी एकच्या सुमारास बंद होतं आणि पाचच्या सुमारास उघडतं. सणावारी वेळा बदलतात, म्हणून खोलीवर विचारून घ्या. या चार तासांत जेवण आणि झोप उरकली की संध्याकाळ मोकळी मिळते.

मंदिरात मोबाइल, कॅमेरा आणि चामड्याच्या वस्तू नेता येत नाहीत. बाहेर ठेवायची सोय आहे, पण रांग लागते, म्हणून मोबाइल खोलीवरच ठेवणं उत्तम. पट्टा आणि पाकीटही आठवणीने काढा, अडतं ते तिथेच. आत गेल्यावर गाभाऱ्याकडे धक्का लागतोच. दर्शन झाल्यावर लगेच बाहेर न पडता सभामंडपात उभं राहून वर पाहा: पाच मजले आणि ७२ खांबांचा आधार. शिखरावर बावन गजी ध्वजा असते आणि ती दिवसातून अनेकदा बदलतात. बदलणारा माणूस शिखरावर चढत असताना खालचं सगळं अंगण वर बघत असतं. ध्वजेची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा.

दक्षिणेच्या स्वर्गद्वारातून ५६ पायऱ्या उतरल्या की गोमतीचा घाट. इथली गोमती म्हणजे भरतीचं पाणी आत-बाहेर करणारी खाडीच आहे. ओहोटीला खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यांवर हिरवं शेवाळ असतं, आणि घाटावर माणसं पडतात ती याच पायऱ्यांवर. स्नान करायचं तर पाणी वरच्या कोरड्या पायऱ्यांना लागलेलं असताना, साखळी किंवा कठडा धरून. संगमाच्या टोकाला, समुद्रनारायणाच्या मंदिरापाशी, पाण्यात उतरूच नका. ओहोटी सुरू झाली की खाडीचं पाणी समुद्राकडे जोरात ओढतं, आणि काठावरून ती ओढ दिसत नाही.

पलीकडच्या वाळूवर जायला सुदामा सेतू हा पायपूल आहे. मोरबीचा झुलता पूल कोसळल्यानंतर तो बंद केला होता, तेव्हा चालू आहे का ते विचारूनच बेत करा. पलीकडे खाऱ्या वाळूत गोड्या पाण्याच्या पाच विहिरी आहेत. पावसाचं गोडं पाणी हलकं असतं, ते वाळूत खाऱ्या पाण्याच्या वर तरंगून राहतं, म्हणून समुद्राला लागूनही विहिरीला गोडं पाणी लागू शकतं.

घाटावरच्या दुकानांतून गोमतीचक्र घ्यायला हरकत नाही. ते दगडासारखं दिसतं, पण मुळात समुद्री गोगलगायीच्या शिंपल्याचं झाकण असतं. पांढरी, चाकासारख्या नक्षीची 'द्वारका शिला' मात्र प्रवाळाची असते, आणि प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. देवघरासाठी म्हणून कोणी कितीही आग्रह केला तरी घेऊ नका.

सूर्यास्ताला भडकेश्वर महादेव. गावाच्या पश्चिमेला समुद्रातल्या खडकावर हे छोटं मंदिर आहे. मोठ्या भरतीला वाटेवर पाणी येतं, तेव्हा आत जाण्याआधी पाणी चढतंय की उतरतंय ते पाहा. बडोद्यापेक्षा इथला सूर्य साधारण १७ मिनिटं उशिरा उगवतो आणि मावळतो, कारण आपण चार रेखांशांहून जास्त पश्चिमेला आलेलो असतो. डिसेंबरअखेर सूर्योदय साडेसातच्या सुमारास होतो. बडोद्याच्या सवयीने पहाटे सहाला किनाऱ्यावर गेलात तर तासभर अंधारात वारा खात बसावं लागेल. वारा इथे कायमचाच, कानटोपी आणि विंडचीटर थंडीत विसरू नका.

दुसरा दिवस : बेट, आणि परतताना बाकीचं

क्रम महत्त्वाचा आहे. सर्वांत लांबचं आधी. द्वारकेहून ओखा ३० किलोमीटर. बेटावरचं मंदिरही दुपारी बंद होतं, म्हणून साडेआठला द्वारका सोडा. वाटेत नागेश्वर आणि गोपी तलाव करत बेटावर जाणारे बाराच्या पुढे पोचतात आणि दार उघडायची वाट पाहत उन्हात बसतात.

पूर्वी ओख्याच्या धक्क्यावरून गच्च भरलेल्या होड्यांतून जावं लागायचं. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी सुदर्शन सेतू खुला झाला. २.३२ किलोमीटरचा हा केबलांवर तोललेला चौपदरी पूल आहे. पदपथावर भगवद्गीतेचे श्लोक कोरलेले आहेत आणि वरच्या सौर पट्ट्यांतून एक मेगावॉट वीज होते. गाडी मधेच थांबवून फोटो काढू नका. पुलाच्या अलीकडे गाडी लावून पदपथावरून थोडं चालत जा. खालच्या पाण्याचा रंग आणि भोवरे पाहिले की आखाताची ओढ म्हणजे काय ते न सांगता समजतं.

मुख्य मंदिर झालं की बहुतेक जण परत फिरतात. बेट लांबट आहे आणि खरी मजा पुढे. रिक्षा ठरवून हनुमान दांडीला जा, सुमारे पाच किलोमीटर. इथे मारुती आणि मकरध्वज, बाप-लेक एकत्र आहेत. भाडं जाण्या-येण्याचं आणि थांबण्याचं मिळून आधीच बोला. बेटाच्या टोकाला डनी पॉइंट आहे. तिथल्या मुक्कामाला वनखात्याची परवानगी लागते, ती आयत्या वेळी मिळेल असं धरून जाऊ नका.

बेटाच्या आणि द्वारकेच्या पाण्यात जुनी वस्ती शोधण्याचं काम झालेलं आहे. जमिनीवरचं उत्खनन १९६३ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने केलं, पाण्याखालचं १९८०च्या दशकात एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली झालं. दगडी नांगर आणि बांधकामाचे अवशेष सापडले. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. 'बुडालेली द्वारका बोटीतून दाखवतो' असं कोणी म्हणालं तर पैसे देऊ नका, होडीत बसून पाण्याखालचं काहीही दिसत नाही.

परतताना मिठापूरला जेवण, मग गोपी तलाव. वारकऱ्याच्या कपाळावरचं गोपीचंदन ज्या तळ्याचं सांगतात ते हेच. फिकट पिवळी, मऊ माती. सुगंध मारलेल्या रंगीत कांड्या बाजूला ठेवा. साधी वडी घेऊन ओल्या बोटाने घासून पाहा, खरखर न लागता गुळगुळीत उतरली पाहिजे. पंढरीला जाणारं कोणी घरात असेल तर याहून चांगली भेट नाही.

नागेश्वर द्वारकेपासून १६-१७ किलोमीटर. मराठी माणसाच्या मनात इथे एक प्रश्न येतोच: नागनाथ तर आपल्या हिंगोलीतलं औंढ्याचं! दोन्हीकडे आपलंच ज्योतिर्लिंग खरं असल्याची श्रद्धा आहे. वाद घालू नका, दोन्हीकडे हात जोडा. बाहेरची शंकराची भव्य बैठी मूर्ती फोटोसाठी दुपारनंतरच्या उन्हात चांगली दिसते.

शेवटी, ऊन उतरल्यावर, शिवराजपूर. द्वारकेहून १२ किलोमीटर, ओख्याच्या रस्त्यावरून समुद्राकडे वळायचं. २०२० मध्ये ब्लू फ्लॅग हे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालेला हा किनारा स्वच्छ आहे, कपडे बदलायची, अंघोळीची सोय आहे आणि पोहण्याची हद्द आखलेली आहे. त्या हद्दीतच राहा. बाहेर खडक आहेत आणि तिथे जीवरक्षकाची नजर नसते. सूर्यास्तानंतर पाण्यातून बाहेर काढतात, म्हणून चारपर्यंत पोचा. स्कूबा करायचं असेल तर ते संध्याकाळी नाही, सकाळीच. वारा वाढला की पाणी ढवळतं आणि समोरचा हातही धूसर होतो. पोहता येत नसलं तरी प्रशिक्षक सोबत नेतात, पण सर्दी असेल तर टाळा. नाक बंद असताना कानावरचा दाब उतरवता येत नाही, आणि सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. पोटभर फाफडा-जिलबी खाऊनही उतरू नका.

तिसरा दिवस : ओहोटी ठरवेल ते

सकाळी द्वारकेबाहेर दोन किलोमीटरवर रुक्मिणीचं मंदिर पाहून घ्या. दुर्वासांच्या शापामुळे ती कृष्णापासून दूर, अशी कथा, आणि म्हणून इथे पाण्याचं दान करतात. या भागातलं भूजल किती खारं आहे हे चूळ भरताच कळतं, त्यामुळे हे दान मनाला पटतं. बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम मुख्य मंदिराच्या गर्दीत मिळणार नाही अशा निवांतपणे पाहता येतं.

त्यानंतरचा सगळ्यात मोलाचा भाग ओखामंडळाबाहेर, परतीच्या वाटेवर आहे: वाडीनारजवळचं नरारा. कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ मध्ये झालं, देशातलं पहिलं. नरारात होडी न घेता ओहोटीला चालत प्रवाळापर्यंत जाता येतं. द्वारकेहून दीड-दोन तास. उधाणाच्या दिवसांत मोठी ओहोटी बहुधा सकाळी आणि संध्याकाळी पडते, म्हणून जामनगरचा मुक्काम आदल्या किंवा नंतरच्या रात्री ठेवला तर वेळ जुळते.

वनखात्याच्या नाक्यावर ओळखपत्र दाखवून, शुल्क भरून परवानगी घ्या आणि स्थानिक वाटाड्या घ्याच. त्याच्याशिवाय तुम्ही फक्त दगड पाहून याल. ओहोटीच्या दोन तास आधी चालायला लागा, म्हणजे उतरत्या पाण्यामागून जाल. पाणी वळलं की परत फिरा. भरती समोरून येताना दिसते तशी येत नाही, तुमच्या मागच्या सखल नाळांतून आधी भरते, आणि मग परतीची वाट कमरेइतकी होते. पायात नाडीचे, जाड तळाचे कॅनव्हास बूट. चप्पल चिखलात अडकून तुटते आणि अनवाणी पाय शिंपल्यांनी चिरतो. टोपी, प्रत्येकी एक लिटर पाणी, पूर्ण बाह्यांचा शर्ट. उथळ पाण्यावरून ऊन खालूनही लागतं, हनुवटीखाली भाजल्यावर हे कळतं.

दिसतं काय? खेकडे, समुद्रकाकडी, रंगीत प्रवाळ, फुगणारा पफर मासा, नशीब चांगलं असेल तर खडकाच्या खाचेतला ऑक्टोपस, रंग बदलताना. काहीही उचलायला लावू नका, वाटाड्याने स्वतः उचललं तरी 'राहू द्या' म्हणा. दगड उलटला असेल तर तसाच परत ठेवा, त्याच्या खालचे जीव उन्हात तासाभरात मरतात. प्रवाळावर पाय नको, वाळूच्या पट्ट्यावरूनच चाला.

तिथी जुळत नसेल तर नरारा सोडून द्या आणि चरकल्याच्या मिठागरांकडे वळा. हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे आणि करकोचे असतात. मिठागराच्या आत जायला परवानगी लागते, पण सकाळच्या उजेडात दुर्बीण असेल तर रस्त्यावरूनही भरपूर दिसतं. तिसरा पर्याय, पोरबंदरच्या रस्त्यावरचा ओखामढीचा किनारा. तिथे समुद्री कासवं अंडी घालतात आणि वनखात्याचं संवर्धन केंद्र आहे. लांबलचक, निर्मनुष्य, सुंदर वाळू, पण पाण्यात उतरायचा किनारा तो नव्हे.

खाणं-पिणं

मंदिराच्या परिसरात सगळं शाकाहारी. काठियावाडी थाळीत बाजरीचा रोटला, वांग्याचा ओळो, शेव-टमाट्याची भाजी, खिचडी-कढी आणि लसणाची चटणी. बडोद्यातल्या गोडसर जेवणाची सवय असणाऱ्यांना तिखट लागतं, ताक सोबत मागा. पिण्यासाठी बाटलीचंच पाणी. चहासुद्धा कधी खारट लागतो, तो दूध नासल्यामुळे नव्हे, पाण्यामुळे. किनाऱ्यावर, रिक्षात आणि नाक्यावर सुटे पैसे जवळ असू द्या.

परतल्यावर गाडी दुसऱ्याच दिवशी धुवायला द्या, वरून नाही तर खालून. तीन दिवसांचा खारा वारा चाकांच्या आतल्या बाजूला आणि सायलेन्सरवर बसलेला असतो. बूट, दुर्बीण आणि कॅमेऱ्याच्या तिवईचं बुडही गोड्या पाण्याने पुसून घ्या.